शेकड्यामागे सहा पेंढ्या

रवंथ करत उभ्या असलेल्या गाईच्या डाव्या अंगाला जाऊन उभं राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये एक खळगा दिसतो, त्याला भकाळी म्हणतात. मूठ वळून भकाळीवर दाबून धरा आणि जरा थांबा. मिनिटभरात एक-दोनदा आतून लाटेसारखं काहीतरी वर येईल, मुठीला बाहेर ढकलेल आणि परत बसेल. कान लावला तर डोंगरापलीकडे आभाळ गडगडावं तसा आवाज येईल. गाय खात नाही म्हणून बोलावलं की जनावरांचे डॉक्टर पहिला हात इथेच ठेवतात. लहानपणी आमच्या गोठ्यात मी ते पाहिलं, मग स्वतः करून पाहिलं, आणि त्या आवाजाचं अप्रूप मला अजून आहे.

थोड्या वेळानं गाईच्या मानेतून एक गोळा वर सरकताना दिसतो. तो घास तोंडात येतो आणि ती संथपणे चघळू लागते. त्याच्या आगेमागे ढेकरही येत असतो, पण तो दिसत नाही आणि कुणी त्याची दखलही घेत नाही. त्या ढेकरात मिथेन असतो. पृथ्वी तापवणाऱ्या वायूंमध्ये माणसाच्या उद्योगांमुळे वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडनंतर नाव येतं ते याचंच.

हा हिशेब गोठ्याच्या भाषेत मांडू. कडबा आपल्याकडे शेकड्यावर विकतात. शंभर पेंढ्या घेतल्या, गाडीभाडं दिलं, गंजी रचली. त्यातल्या सहा पेंढ्यांची ताकद जनावराच्या अंगी लागतच नाही. ती मिथेन होऊन तोंडावाटे निघून जाते. हवामानबदलाचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, आयपीसीसी, आपल्यासारख्या जनावरांसाठी हा आकडा साडेसहा टक्क्यांच्या आसपास धरते. चारा चांगला असेल तर तो खाली येतो, निकृष्ट असेल तर वर जातो. म्हणजे ज्या वायूनं हवा तापते, तो आधी शेतकऱ्यानं विकत घेतलेला किंवा पिकवलेला चाराच असतो. मिथेन कमी करण्याच्या सगळ्या चर्चेत ही गोष्ट मागे पडते, म्हणून मी ती आधी सांगतो आहे.

पोटातली भट्टी

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटाला चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. यातलं कोठीपोट सर्वांत मोठं. मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. भकाळीखाली मुठीला ढकलतं ते हेच.

गवतातला तंतू, म्हणजे सेल्युलोज, पचवणारा रस गाईच्या शरीरात तयार होत नाही. आपल्याही नाही. गाईनं हे काम जिवाणूंना दिलेलं आहे. कोठीपोटात हवा जवळजवळ नसते, ऊब कायम असते, ओल असते. आंबोळीचं पीठ उबदार कोपऱ्यात झाकून ठेवल्यावर फुगतं, तसा चारा तिथे आंबत राहतो. कोट्यवधी जिवाणू तंतू फोडतात आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिटिक आम्ल त्यातलं मुख्य. ही आम्लं कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि गाय त्यांच्यावर जगते. दूध, मांस, बैलाची ओढ, सगळं तिथून येतं.

या आंबण्यात हायड्रोजन सुटतो. तो साठत गेला तर आंबणंच मंदावतं. तिथे कामाला येतात आर्किया नावाचे सूक्ष्मजीव. दिसायला जिवाणूंसारखे, पण जीवसृष्टीतली वेगळीच, फार जुनी शाखा. ते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करतात आणि मिथेन बनवून सोडून देतात. गुऱ्हाळात कढईवर येणारी मळी काढायला एक माणूस सतत उभा असतो. तो नसेल तर गूळ बिघडतो. आर्कियांचं काम तसलंच आहे. फरक एवढाच, की हे मळीबरोबर थोडा रसही बाहेर टाकतात.

तयार झालेल्या मिथेनपैकी बहुतेक सगळा ढेकरातून आणि श्वासातून बाहेर पडतो, मागच्या बाजूनं अगदी थोडा. हा ढेकर अडला तर काय होतं ते ज्यानं पोटफुगी पाहिली आहे त्याला सांगायला नको. दवानं भिजलेला कोवळा लसूणघास भुकेल्या पोटी भरपूर खाल्ला की कोठीपोटात फेस होतो, वायू फेसात अडकतो, डावी भकाळी फुगून पाठीच्या वर येते आणि काही तासांत जनावर दगावू शकतं. त्यामुळे ढेकर थांबवणं हा उपाय कधीच नव्हता. ढेकरात जे तयार होतं त्याचं प्रमाण कमी करायचं आहे.

आता चाऱ्याचा संबंध पाहा. जिवाणूंनी ॲसिटिक आम्ल बनवलं की हायड्रोजन सुटतो. प्रोपिऑनिक आम्ल बनवलं की उलट हायड्रोजन वापरला जातो. जून, वाळलेला, काडीकाडीचा चारा असेल तर ॲसिटिक आम्ल जास्त बनतं आणि आर्कियांना हायड्रोजन भरपूर मिळतो. कोवळा, पाला असलेला चारा पोटातून लवकर पुढे सरकतो, त्यात विरघळणारी साखर जास्त असते, आणि किलोमागे मिथेन कमी निघतो. धान्य आणखी कमी मिथेन देतं, पण माणसाच्या ताटातलं धान्य गाईला घालून मिथेन वाचवणं मला पटत नाही. शिवाय धान्य अति झालं की कोठीपोट आंबट होऊन जनावर आजारी पडतं.

तळाला भोक असलेला रांजण

कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांच्यात एक फरक आहे. तो न समजल्यामुळे या विषयावर उगाच भांडणं होतात.

हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षं तिथेच राहतो. मिथेन साधारण १२ वर्षांत मोडतो. पण आहे तोवर तो फार तापवतो: शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, वीस वर्षांचा धरला तर ८० पटींच्या घरात.

तळाला भोक असलेला रांजण डोळ्यांसमोर आणा. वरून धार चालू आहे, खालून पाणी गळतंय. धार तेवढीच राहिली की काही काळानं पाण्याची पातळी एका जागी थांबते. धार वाढवली की पातळी वाढते, कमी केली की काही वर्षांतच खाली येते. ‘गवतातला कार्बन गवतात परत जातो, मग गाईचा दोष काय?’ असं विचारणारे अर्धं खरं सांगतात. कळप पिढ्यान्‌पिढ्या तेवढाच असेल तर त्याच्यामुळे पातळी चढत नाही. पण ती पातळी उंचावर टिकून असते आणि तेवढी उष्णता देत राहते. त्याच रांजणात कोळशाच्या खाणी, तेल-वायूच्या गळक्या विहिरी आणि शहरांचे कचराडेपोही धार सोडत आहेत. जनावरांचा वाटा, शेणाचा धरून, माणसामुळे होणाऱ्या एकूण मिथेनच्या एक तृतीयांशाच्या जवळपास आहे. धार कमी करण्याचा परिणाम आपल्या हयातीत दिसतो, ही मिथेनच्या बाबतीतली आशेची गोष्ट आहे. म्हणूनच २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभरावर देशांनी २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करण्याची प्रतिज्ञा केली. भारतानं तिच्यावर सही केली नाही. लहान शेतकऱ्याचं पोट जनावरावर आणि भातावर चालतं हे त्यामागचं कारण, आणि मला ते समजण्यासारखं वाटतं. पण सही केली नाही म्हणून सहा पेंढ्या वाया जाणं थांबत नाही.

औषध द्यायचं तर कुणाच्या हातून?

गोठ्यात बांधलेल्या गाईला काय द्यायचं ते आपल्या हातात असतं. चरणाऱ्या जनावराचं तसं नाही. ते सकाळी सुटतं, डोंगरावर जातं, जे मिळेल ते खातं आणि दिवेलागणीला परत येतं. अडचण इथे आहे.

युरोपीय संघानं २०२२ मध्ये आणि अमेरिकेनं २०२४ मध्ये ‘बोव्हेअर’ नावाच्या खाद्यपूरकाला परवानगी दिली. आर्किया मिथेन बनवताना शेवटच्या पायरीवर जे विकर (एन्झाइम) वापरतात, त्यालाच ते अडवतं. दिवसाला पाव चमचा पुरतो आणि दुधाळ गाईंचा मिथेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. पण हा पदार्थ पोटात काही तासांत मोडून जातो, म्हणून तो घासाघासाबरोबर जावा लागतो. यंत्रात कालवलेलं खाद्य दिवसभर गव्हाणीत असतं तिथे हे जमतं. माळावर चरणाऱ्या शंभर मेंढ्यांना ते घासागणिक कोण देणार?

समुद्री शैवालाची गोष्ट आणखी रंजक आहे. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर एका शेतकऱ्याच्या लक्षात आलं, की किनाऱ्यावर वाहून आलेलं शैवाल खाणाऱ्या त्याच्या गाई बाकीच्यांपेक्षा धडधाकट आहेत. संशोधकांनी शैवालं तपासायला घेतली. पुढे ऑस्ट्रेलियात निरनिराळ्या जाती तपासताना ॲस्परागॉप्सिस नावाचं लालसर शैवाल सगळ्यांच्या पुढे निघालं. त्यातला ब्रोमोफॉर्म हा पदार्थ आर्कियांचं काम बंद पाडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये गोठ्यातल्या गोऱ्ह्यांवर ८० टक्क्यांपर्यंत घट नोंदवली. तोच गट मग माँटाना राज्यातल्या कुरणावर गेला. तिथे चरणाऱ्या २४ गोऱ्ह्यांना शैवालाच्या गोळ्या दिल्या आणि दहा आठवडे मोजमाप केलं. घट जवळपास ३८ टक्के आली. तीही मोठीच आहे, पण ८० वरून ३८ वर का आली? कुरणावर जनावर गोळ्या खायला येईल तेव्हा येईल, किती खाईल ते त्याच्या मनावर. शिवाय ब्रोमोफॉर्म जास्त झाला तर आरोग्याला घातक, म्हणून दुधात-मांसात तो किती उतरतो यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि हे शैवाल समुद्रातून ओरबाडून पुरणार नाही, त्याची शेती करावी लागेल.

म्हणून आता दोन वाटांवर काम चालू आहे. एक, कोठीपोटात महिनोन्‌महिने हळूहळू विरघळत राहील अशी गोळी. दुसरी, लस: जनावराच्या लाळेत आर्कियांविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हावीत आणि ती घासाबरोबर कोठीपोटात उतरावीत. लस निघाली तर चरणाऱ्या जनावरांसाठी ती सर्वांत सोयीची ठरेल, कारण आपला मेंढपाळही वर्षाला लसीकरण करून घेतोच. पण तिच्यावर बरीच वर्षं काम चालू असूनही ती अजून बाजारात नाही, आणि तिची वाट बघत बसणं परवडणारं नाही.

न्यूझीलंडच्या मेंढ्या

चराऊ जनावरांचा मिथेन म्हटलं की न्यूझीलंडकडे पाहावंच लागतं. त्या देशाच्या एकूण उत्सर्जनातलं जवळपास निम्मं शेतीतून येतं, आणि तिथली जनावरं बाराही महिने कुरणावर असतात. १९८२ मध्ये तिथे सात कोटींवर मेंढ्या होत्या, माणशी बावीस. आज त्या अडीच कोटींच्या आत आहेत.

२००३ मध्ये तिथल्या सरकारनं या विषयाच्या संशोधनासाठी शेतकऱ्यांवर छोटा कर बसवायचं ठरवलं. लोकांनी त्याला ‘पादण्याचा कर’ असं नाव दिलं. वायू तोंडातून बाहेर पडतो, त्यामुळे नावच चुकीचं होतं, पण ते चिकटलं. शेन आर्डर्न या खासदारांनी ‘मर्टल’ नावाचा जुना ट्रॅक्टर संसदेच्या पायऱ्यांवर चढवला आणि कर बारगळला. २०२२ मध्ये शेतावरच्या उत्सर्जनाला दर लावण्याचा प्रस्ताव पुन्हा आला, रस्त्यावर पुन्हा ट्रॅक्टर आले, आणि २०२४ मध्ये नव्या सरकारनं तोही गुंडाळला. डेन्मार्कनं मात्र २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर घ्यायचं २०२४ मध्ये शेतकरी संघटनांना बरोबर घेऊन ठरवलं.

या गदारोळात न्यूझीलंडमध्ये एक काम शांतपणे चालू राहिलं, आणि मला सर्वांत मोलाचं ते वाटतं. सगळ्या मेंढ्या सारखा मिथेन सोडत नाहीत. तोच चारा खाऊन एक कमी सोडते, दुसरी जास्त, आणि हा गुण काही प्रमाणात आईबापांकडून पिल्लात उतरतो. मग कमी सोडणारी कोणती हे ओळखायचं कसं? कुरणातून मेंढी आणायची, हवाबंद पेटीत पाऊण-एक तास उभी करायची आणि पेटीतल्या हवेत किती मिथेन जमला ते मोजायचं. अशा पेट्या ट्रेलरवर लादून संशोधक शेतोशेत फिरतात. कमी सोडणाऱ्यांचा एक कळप आणि जास्त सोडणाऱ्यांचा दुसरा असे वेगळे वाढवले, तेव्हा तीन पिढ्यांत दोन्ही कळपांत दहा टक्क्यांच्या वर फरक पडला. कमी मिथेनवाल्या मेंढ्यांचं कोठीपोट आकारानं लहान निघालं आणि चारा त्यातून लवकर पुढे सरकत होता. दहा टक्के हा आकडा शैवालापुढे किरकोळ वाटेल. पण तो कायमचा आहे, पिल्लागणिक पुढे जातो, आणि रोज काही पाजायची गरज नाही. डोंगरावर चरणाऱ्या जनावराला दुसरा कुठला उपाय इतका सहज लागू पडेल असं मला वाटत नाही.

आपल्या माळावर

२०१९ च्या पशुगणनेत भारतात १९ कोटींवर गाई-बैल, जवळपास ११ कोटी म्हशी, सुमारे १५ कोटी शेळ्या आणि साडेसात कोटींच्या आसपास मेंढ्या मोजल्या गेल्या. देशाच्या शेतीतून होणाऱ्या उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा या ढेकरांचा आहे.

आता आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतले दोन आकडे शेजारी ठेवू. उत्तर अमेरिकेतली दुधाळ गाय वर्षाला १२८ किलो मिथेन सोडते आणि ८,४०० किलो दूध देते. भारतीय उपखंडातली गाय ५८ किलो सोडते आणि ९०० किलो दूध देते. आपली गाय निम्म्याहून कमी मिथेन सोडते हे खरं. पण भागाकार केला तर तिकडे किलोभर दुधामागे १५ ग्रॅम पडतो आणि आपल्याकडे ६४ ग्रॅम. ५८ किलो म्हणजे किती? घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक गाय वर्षाला वजनानं चार सिलिंडर भरतील एवढा जळण्याजोगा वायू हवेत सोडते.

हा भागाकार आपल्या गाईवर थोडा अन्याय करतो. ती शेण देते, बैल देते, आणि माणसाला खाता न येणारा पालापाचोळा, कडबा, बांधावरचं गवत खाऊन जगते. शिवाय आपल्या दुधाची सरासरी तेव्हापासून वाढली आहे. पण दरीचं मूळ कारण आजही तेच आहे. जनावर जे खातं त्यातला पहिला वाटा त्याचा जीव जगवण्यात जातो: श्वास, चालणं, ऊब. त्यातून उरलं तर दूध. चारा निकृष्ट असेल तर उरतच नाही, आणि मिथेन मात्र पहिल्या घासापासून सुरू असतो.

आमच्याकडे एक कालवड होती. दुष्काळाच्या दोन वर्षांत तिला कडब्याशिवाय काही मिळालं नाही. माजावर आलीच नाही. चार वर्षं उलटल्यावर ती पहिल्यांदा व्याली. चांगल्या खाण्यावर वाढलेली संकरित कालवड अडीच वर्षांत वितेही. आयपीसीसी भाकड, वाढत्या जनावरासाठी आपल्याकडे वर्षाला २७ किलो मिथेन धरते. वरच्या दीड वर्षाचा चाळीस किलो झाला, दुधाचा थेंबही न देता. तेव्हा घरात कुणाला मिथेन माहीत नव्हता, पण दीड वर्षाचा चारा फुकट गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या आईला तर पेंढ्यांचा आकडाही पाठ होता.

त्यामुळे आपल्याकडे पहिला उपाय चाऱ्याचा. पवन्या आणि मारवेल ही आपल्या कुरणातली उत्तम गवतं. ती फुलोऱ्यात कापली तर त्यात पाला आणि प्रथिनं असतात. दिवाळीनंतर तीच गवतं जून होतात, कुसळी गवताची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात, आणि किलोमागे मिथेन वाढतो. गवत तेच, फक्त चार-सहा आठवड्यांचा फरक. ज्या गावांनी चराईबंदी करून गवत कापून न्यायची पद्धत घातली, तिथे दूध वाढलं त्याचं एक कारण हे आहे. मात्र ही बंदी ठरवताना फिरस्त्या मेंढपाळांना कुणी विचारत नाही, ही गोष्ट मला खटकते. कुरणाचे भाग पाडून पाळीपाळीनं चारलं तरी गवताला कोवळं फुटायला वेळ मिळतो आणि कुणाची वाट बंद होत नाही.

कडब्यावर आणि भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करतात: १०० किलो वाळल्या चाऱ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून, थरावर थर शिंपडून, तीन आठवडे हवाबंद झाकून. तंतू सैल होतात, प्रथिनं वाढतात. प्रमाण चुकलं तर युरियाची विषबाधा होते, म्हणून पहिल्यांदा पशुवैद्यकाला विचारूनच, आणि लहान वासरांना नाही.

शेंगवर्गी चारा, म्हणजे लसूणघास, चवळी, शेवरी, दशरथ, सुबाभूळ, हा सर्वांत गुणकारी. काही पाल्यांतला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, आर्कियांना मानवत नाही. उन्हाळ्यात मेंढपाळ आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडतात तेव्हा प्रथिनांबरोबर हा तुरटपणाही पोटात जातो. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रिया संस्थेनं टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक बनवलं आहे, आणि त्यानं मिथेन १७ ते २० टक्के घटतो असं संस्था सांगते. तुरटपणा अति झाला की प्रथिनं बांधली जातात आणि पचन बिघडतं, एवढं भान ठेवायला हवं.

सुबाभळीबद्दल थोडं विषयांतर करतो. उरुळी कांचनच्या बाएफ या ग्रामविकास संस्थेनं, तिचे संस्थापक मणिभाई देसाई यांच्या काळात, हे झाड गावोगाव नेलं. पण त्यात मिमोसिन नावाचा विषारी पदार्थ असतो. जनावरानं नुसती सुबाभूळच खाल्ली तर केस गळतात, थायरॉइड बिघडतं, म्हणून चाऱ्यात ती तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवायला सांगतात. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना हवाईतल्या शेळ्या सुबाभूळ बिनधास्त खाताना दिसल्या. त्यांच्या कोठीपोटात मिमोसिनचं विष मोडणारा जिवाणू होता. १९८० च्या दशकात तो ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडला आणि तिथली सुबाभळीची कुरणं उभी राहिली. एका पोटातला गुण दुसऱ्या पोटात लावता येतो, हे त्यातून कळलं. मिथेनवर काम करणारे आज त्याच वाटेनं विचार करत आहेत.

एक प्रश्न मोकळा ठेवून पुढे जाणं बरं नाही. दुधाच्या किलोमागे मिथेन घटला म्हणून एकूण मिथेन घटेलच असं नाही. जनावरांची संख्या तेवढीच राहून प्रत्येक जण जास्त खाऊ लागलं तर एकूण वाढेलही. महाराष्ट्रात २०१२ ते २०१९ या काळात गाई-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले, हे त्याचं मोठं कारण. थोडी, पण चांगलं खाणारी जनावरं, हे चित्र आपोआप घडतं आहे. चाऱ्याची जोड मिळाली तर त्यात मिथेन खरोखर घटेल.

शेवटी मेंढी. विकसनशील देशातली मेंढी वर्षाला पाच किलो मिथेन सोडते असं धरतात. म्हणजे शंभर मेंढ्यांचा कळप साडेआठ गाईंएवढा. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारा मेंढपाळ रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून शेतात मेंढरं बसवतो, शेतकरी त्याला धान्य किंवा पैसे देतो, आणि लेंड्या उघड्यावर वाळून मातीत जातात. उघड्यावर वाळणाऱ्या लेंडीतून मिथेन फारच थोडा निघतो. तो निघतो शेण पाण्याबरोबर खड्ड्यात साठवल्यावर. या पद्धतीत दुरुस्त करण्यासारखं मला काही दिसत नाही.

दख्खनी मेंढी मात्र बहुधा एकाच वेळी एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या छोट्या गरोल मेंढीतला जुळं देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तोच जनुक १७९० च्या दशकात कोलकात्याहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या बंगाली मेंढ्यांबरोबर समुद्रापार पोहोचला होता आणि तिथल्या बुरूला मेरिनो या मेंढ्यांमुळे नावाजला. आई वर्षभर खाते ती एका कोकरासाठीही आणि दोनांसाठीही. दोन जगली तर प्रत्येक कोकराच्या वाट्याला येणारा आईचा मिथेन जवळजवळ निम्मा होतो, आणि मेंढपाळाच्या हाती दुसरं कोकरू येतं. फक्त जुळ्यांच्या आईला शेवटच्या दीड महिन्याच्या गाभणकाळात मूठमूठ जास्त खुराक आणि शेंगांचा पाला लागतो. तो न मिळाला तर दुसरं कोकरू अशक्त जन्मतं आणि आठवडाभरात जातं.